धूम्रपान सोडवणाऱ्या औषधांची तुलना: प्लासिबोच्या रकान्याचा इतिहास

बंगळुरूच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान वसलेल्या वसाहतीला त्या दोन रस्त्यांवरूनच एचएसआर लेआउट हे नाव पडले. तिथल्या २७व्या मेन रोडवरच्या एखाद्या मेडिकलमध्ये तुम्ही गेलात आणि सिगारेट सोडण्यासाठी काहीतरी द्या म्हणालात, तर बहुधा निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगम पुढे येईल. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकले जात आले आहे. बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लीन मागितलेत तर मात्र चिठ्ठी लागेल. आणि यांतले सर्वांत परिणामकारक कोणते, असे तुम्ही एखाद्या डॉक्टरांना विचारलेत, तर उत्तर व्हॅरेनिक्लीन असे येण्याची शक्यता जास्त.

हे उत्तर चुकीचे नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याला लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा: कशापेक्षा परिणामकारक? औषधांच्या चाचणीत एका गटाला औषध दिले जाते आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. निकालाच्या तक्त्यात सगळ्यांची नजर औषधाच्या रकान्यावर जाते. या पाठात तुम्ही प्लासिबोच्या रकान्यावर नजर ठेवा. गेल्या पन्नास वर्षांत या औषधांची क्रमवारी कशी घडली आणि आपल्याकडे ती का अडखळते, हे त्या रकान्यातून अधिक स्पष्ट दिसते.

तुलना नव्हती तेव्हा

तंबाखूपासून निकोटिन वेगळे केले ते १८२८ मध्ये, हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट आणि रायमान यांनी. पण माणूस तंबाखूला नव्हे तर निकोटिनला बांधला जातो, ही कल्पना रुजायला आणखी शतकभर लागले. १९४२ मध्ये लेनॉक्स जॉन्स्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःला आणि काही स्वयंसेवकांना निकोटिनची इंजेक्शने दिली, आणि धूम्रपान करणाऱ्यांना ती हवीहवीशी वाटतात असे 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

त्याच सुमारास बाजारात औषधे मात्र होती. लोबेलिया या उत्तर अमेरिकन वनस्पतीतले लोबेलिन हे द्रव्य निकोटिनसारखे वागते, म्हणून १९३६ मध्ये डॉर्सी यांनी ते तंबाखूची सवय मोडण्यासाठी सुचवले. त्यानंतर कित्येक दशके लोबेलिनच्या गोळ्या विकल्या गेल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, परिणामकारकतेच्या पुराव्याअभावी ही चिठ्ठीविना विकली जाणारी उत्पादने बाजारातून काढायला लावली ती १९९३ मध्ये. एखादे औषध जवळजवळ साठ वर्षे विकले जाऊ शकते, कारण ते घेणाऱ्यांपैकी काहींनी सिगारेट खरोखरच सोडलेली असते. त्यांनी ती गोळीविना सोडली असती का, हे कळायला दुसरा गट लागतो.

च्युइंगम आणि डॉक्टरांचे दोन शब्द

आज तुम्हाला मेडिकलमध्ये दिसणाऱ्या च्युइंगमचा उगम स्वीडनमध्ये आहे. लुंड विद्यापीठातले क्लास लुंडग्रेन यांच्या लक्षात आले की पाणबुडीत धूम्रपानाला बंदी असल्याने खलाशी तोंडात तंबाखू धरून काम भागवतात. १९६७ मध्ये त्यांनी हे आपले मित्र ओवे फर्नो यांना कळवले. फर्नो हेल्सिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीत संशोधनाचे काम पाहत. निकोटिन राळेसारख्या पदार्थाला बांधून च्युइंगममध्ये घालायचे आणि लाळ थोडी अल्कधर्मी ठेवायची, म्हणजे ते पोटात न जाता गालाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते, ही युक्ती त्यांनी साधली. आपल्याकडे चुना मळून तंबाखू गालात धरणाऱ्याला हे रसायनशास्त्र सवयीने ठाऊक असतेच. च्युइंगम १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विक्रीला आले आणि १९८४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

ते किती उपयोगी ठरले, हे पाहण्यापूर्वी १९७९ सालचा एक प्रयोग पाहा. मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या २८ फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या सुमारे दोन हजार धूम्रपान करणाऱ्यांचे चार गट केले. औषध कोणालाच दिले नाही. एका गटाला काहीच सांगितले नाही, आणि दुसऱ्या टोकाच्या गटाला डॉक्टरांनी मिनिटभर सल्ला दिला, पत्रक दिले आणि पुन्हा चौकशी करू असे सांगितले. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ०.३ टक्के होते, तर शेवटच्या गटात ५.१ टक्के.

आता पुढची दोन वर्षे शेजारी ठेवा. १९८२ मध्ये लंडनमधल्या एका विशेष धूम्रपान क्लिनिकमध्ये ११६ जणांवर च्युइंगमची चाचणी झाली. वर्षानंतर च्युइंगम घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के सिगारेटमुक्त होते, प्लासिबो घेणाऱ्यांपैकी २१ टक्के. १९८३ मध्ये ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने छातीच्या आणि इतर धूम्रपानजन्य आजारांच्या सुमारे १,६०० रुग्णांवर तशीच तुलना केली. तिथे सल्ला, पत्रक, प्लासिबो आणि निकोटिनचे च्युइंगम या चारही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. एकूण यश १० टक्क्यांच्याही खाली राहिले.

च्युइंगम तेच, देश तोच. मग बदलले काय? पहिल्या चाचणीत स्वतःहून क्लिनिकमध्ये आलेली, दर आठवड्याला गटात बसणारी माणसे होती. तिथला प्लासिबोचा गटही २१ टक्क्यांवर पोचतो, म्हणजे डॉक्टरांकडे काहीही न ऐकलेल्या गटाच्या ७० पट. त्या २१ टक्क्यांत निश्चय आहे, आधार आहे, क्लिनिकची शिस्त आहे. औषध या सगळ्याच्या वर भर घालते. जिथे भर घालायला खाली काही नाही, तिथे च्युइंगम एकटे पडते. मला वाटते, या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा धडा त्या दोन वर्षांतच मिळाला होता. पुढच्या चाचण्या मोठ्या आणि नेटक्या झाल्या, पण तो धडा तळटीपेत गेला.

औषध विरुद्ध औषध

कॅलिफोर्नियात मरी जार्विक आणि जेड रोझ यांनी निकोटिनची चिकटपट्टी विकसित केली. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना त्वचेतून निकोटिन शोषले जाऊन मळमळ होते, हे तिच्यामागचे निरीक्षण. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बाजारात आली. त्यानंतर एक वेगळ्याच जातीचे औषध आले. बुप्रोपिऑन मुळात नैराश्यावरचे. कॅलिफोर्नियातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या लिंडा फेरी यांनी ते सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना देऊन पाहिले, आणि १९९७ मध्ये त्याला त्या कामासाठी मान्यता मिळाली. नॉर्ट्रिप्टिलीन हे जुने, स्वस्त नैराश्यविरोधी औषधही चाचण्यांत उपयोगी ठरले आहे. पण त्याचे पेटंट केव्हाच संपले होते आणि मान्यतेसाठी खर्च करण्यात कोणत्या कंपनीला रस असणार?

आता बाजारात दोन औषधे होती, म्हणून एकमेकांशी तुलना करणे भाग पडले. १९९९ च्या चाचणीत ८९३ जणांचे चार गट होते. वर्षाअखेर सिगारेटमुक्त राहिलेले असे: प्लासिबो १५.६ टक्के, चिकटपट्टी १६.४, बुप्रोपिऑन ३०.३ आणि दोन्ही मिळून ३५.५. चिकटपट्टी इथे प्लासिबोला जेमतेम चिकटून आहे. एवढ्यावरून चिकटपट्टी निरुपयोगी ठरवू नका, इतर अनेक चाचण्यांत ती प्लासिबोपेक्षा निश्चित सरस ठरली आहे. एका चाचणीचा निकाल म्हणजे एका सामन्याचा निकाल, मालिकेचा नव्हे.

यानंतरची कथा पूर्व युरोपातून सुरू होते. लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडात सायटिसिन नावाचे द्रव्य असते. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा सैनिक या झाडाची पाने ओढत, असे सांगितले जाते. बल्गेरियात १९६४ पासून 'टॅबेक्स' या नावाने सायटिसिनच्या गोळ्या विकल्या जात आहेत. निकोटिन मेंदूतल्या ज्या ग्राहींना जाऊन बसते, तिथेच सायटिसिन बसते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळे तलफ कमी होते आणि वर सिगारेट ओढली तरी तिचे सुख पुरेसे मिळत नाही. शीतयुद्धाच्या काळात तिकडचे संशोधन पश्चिमेत फारसे वाचले गेले नाही.

फायझर कंपनीत जोथम को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटिसिनच्या रेणूपासून सुरुवात करून नवा रेणू घडवला, तो म्हणजे व्हॅरेनिक्लीन. २००६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या वर्षीच्या एका चाचणीत वर्षाअखेर व्हॅरेनिक्लीन घेणारे २१.९ टक्के, बुप्रोपिऑन घेणारे १६.१ टक्के आणि प्लासिबो घेणारे ८.४ टक्के सिगारेटमुक्त होते. व्हॅरेनिक्लीन पहिल्या क्रमांकावर गेले ते इथून.

पण या चाचणीत गंभीर मानसिक आजार असलेल्यांना घेतले नव्हते, आणि अशा लोकांत तर धूम्रपानाचे प्रमाण जास्त असते. औषध बाजारात आल्यावर नैराश्य, आक्रमकता, आत्महत्येचे विचार अशा तक्रारी नोंदवल्या गेल्या. २००९ मध्ये एफडीएने व्हॅरेनिक्लीन आणि बुप्रोपिऑन दोन्हींच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला आणि कंपन्यांना मोठी चाचणी करण्यास सांगितले. हीच 'ईगल्स' चाचणी. १६ देश, ८,१४४ माणसे, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना मानसिक आजार होता किंवा पूर्वी होऊन गेलेला. २०१६ मध्ये निकाल आला. मानसिक दुष्परिणामांचे प्रमाण प्लासिबो किंवा चिकटपट्टीच्या तुलनेत लक्षणीय वाढलेले आढळले नाही. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सलग सिगारेटमुक्त राहिलेले व्हॅरेनिक्लीनच्या गटात २१.८ टक्के, बुप्रोपिऑनच्या १६.२, चिकटपट्टीच्या १५.७ आणि प्लासिबोच्या ९.४ टक्के होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इशारा मागे घेतला गेला. मधली सात वर्षे किती डॉक्टरांनी हे औषध लिहिण्याचे टाळले असेल, याचा विचार करा. सिगारेट न सुटण्याचीही जोखीम असते, फक्त ती वेष्टनावर छापली जात नाही.

ईगल्सच्या निकालाने वाद मिटला असे म्हणावे, तर त्याच २०१६ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १,०८६ जणांवर झालेल्या चाचणीत व्हॅरेनिक्लीन, नुसती चिकटपट्टी आणि चिकटपट्टीसोबत निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या या तिघांत सहा महिन्यांनंतर लक्षणीय फरक दिसला नाही. सगळे गट २२ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान होते. या चाचणीत प्लासिबोचा गटच नव्हता.

इतक्या चाचण्यांचा मेळ घालायचा कसा? दोन संघ एकमेकांशी खेळलेच नसतील, पण दोघेही तिसऱ्याशी खेळले असतील, तर त्यावरून आपण काही अंदाज बांधतोच. संख्याशास्त्रात याच विचाराने सर्व चाचण्यांचे जाळे विणून एकत्रित विश्लेषण करतात. कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या अशा विश्लेषणात २६७ अभ्यास होते. प्लासिबोच्या तुलनेत व्हॅरेनिक्लीन सर्वांत पुढे, तर एकेरी निकोटिन उत्पादने आणि बुप्रोपिऑन जवळजवळ बरोबरीत मागे. आणि चिकटपट्टीला च्युइंगमची जोड दिली तर ती व्हॅरेनिक्लीनच्या पंगतीत येऊन बसते. जोडीने वापरायचे म्हणजे पट्टी दिवसभर तलफ खाली ठेवते आणि अचानक उसळलेल्या तलफेला च्युइंगम. या साध्या युक्तीची आपल्याकडे व्हावी तितकी चर्चा होत नाही. २०२३ च्या ३१९ चाचण्यांच्या विश्लेषणात सायटिसिनही व्हॅरेनिक्लीनच्या जवळ पोचले.

सायटिसिनच्या या पुनरागमनामागे २०११ ची वॉर्सा येथील चाचणी आहे. ७४० माणसे, २५ दिवसांचा औषधक्रम, आणि समुपदेशन अगदी नाममात्र. वर्षभर सिगारेटमुक्त राहिले सायटिसिनच्या गटात ८.४ टक्के आणि प्लासिबोच्या गटात २.४ टक्के. प्रमाणाने पाहाल तर साडेतीन पट, शंभरातल्या माणसांनी मोजाल तर सहा. दोन्ही खरे. जाहिरातीत पट येतात, तुम्ही माणसे मोजा. आणि हेही पाहा की वॉर्सातला औषधाचा आकडा, ८.४, अमेरिकेतल्या २००६ च्या चाचणीतल्या प्लासिबोच्या आकड्याइतकाच आहे. म्हणून वेगवेगळ्या चाचण्यांतले औषधांचे रकाने थेट शेजारी मांडणे ही चूक ठरते.

होसूर रस्त्यावरून

एचएसआर लेआउटमधून होसूर रस्त्याने शहराकडे निघालात की काही किलोमीटरवर निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था लागते. २००२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशात १३ तंबाखूमुक्ती केंद्रे उघडली, त्यांत निम्हान्सचे एक होते. पुढे केंद्रांची संख्या वाढली. पहिल्या पाच वर्षांत या केंद्रांत ३४,७४१ माणसे आली आणि २३,३२० जणांची प्राथमिक माहिती नोंदली गेली. सोडण्याबाबतच्या साध्या सूचना सर्वांना मिळाल्या, औषधाची जोड मात्र ३१ टक्क्यांनाच. सहा आठवड्यांनी १४ टक्क्यांनी तंबाखू सोडलेली होती आणि २२ टक्क्यांनी निम्म्याहून अधिक कमी केली होती.

या आकड्यांत प्लासिबोचा रकाना नाही. ही चाचणी नव्हती, सेवा होती. पण तिने एक गोष्ट दाखवून दिली: येणाऱ्यांत बरेच जण सिगारेट ओढणारे नव्हतेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि त्याच्या दुप्पट, २१.४ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरत होते. धूम्रपानातही विडी ७.७ टक्के आणि सिगारेट ४ टक्के. कर्नाटकात धूम्रपान ८.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू १६.३ टक्के. महाराष्ट्रात ही दरी फारच रुंद होते: ३.८ आणि २४.४. म्हणजे निपाणीच्या तंबाखूने भरलेली विडी ओढणारा, पान-तंबाखू खाणारा आणि पहाटे मशेरी लावणारी बाई, यांतले कोणीच वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्यांत नव्हते.

मग ती औषधे इथे तशीच वागतात का? व्हॅरेनिक्लीन स्कँडिनेव्हियातल्या 'स्नूस' वापरणाऱ्यांना दिले तेव्हा उपचाराच्या शेवटच्या चार आठवड्यांत ५९ टक्के मुक्त होते, प्लासिबोवर ३९. दिल्लीत २३७ धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोकांनी स्वतः सांगितलेले प्रमाण ४३ विरुद्ध ३१ टक्के होते. शरीरातल्या निकोटिनच्या खुणा तपासून खात्री केली तेव्हा ते २५.२ विरुद्ध १९.५ वर आले आणि फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. गोळ्या नियमित घेणाऱ्यांत मात्र परिणाम अधिक दिसला.

सर्वांत विचार करायला लावणारा निकाल आपल्या शेजारचा आहे. बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या ३२ केंद्रांत, धूम्रपान करणाऱ्या २,४७२ क्षयरुग्णांवर सायटिसिनची चाचणी झाली. २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना समुपदेशन होते. सहा महिन्यांनी सायटिसिनच्या गटात ३२.४ टक्के आणि प्लासिबोच्या गटात २९.७ टक्के धूम्रपानमुक्त. फरक नगण्य. इथे 'औषध अपयशी' एवढेच लिहून पुढे जाणारा विद्यार्थी तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा चुकवतो. प्लासिबोवरचे २९.७ टक्के हे अमेरिकेतल्या २००६ च्या व्हॅरेनिक्लीनच्या निकालापेक्षाही मोठे आहेत. मुदती वेगळ्या असल्याने दोन्ही आकडे काटेकोरपणे तोलता येणार नाहीत, पण अंतर डोळ्यांत भरते. क्षयाचे निदान झालेला माणूस घाबरलेला असतो, दवाखान्याशी महिनोनमहिने जोडलेला असतो आणि कोणीतरी त्याच्याशी बसून बोललेले असते. १९८३ च्या ब्रिटिश रुग्णांतही च्युइंगमने फरक पाडला नव्हता, पण तिथे एकूण यश १० टक्क्यांखाली होते. इथे तिप्पट आहे. बोलणारा माणूस स्वस्त आहे, आणि क्षयाच्या दवाखान्यात तो नेमता येतो.

२०१६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन २०१८ पासून निम्हान्समधूनही चालते आणि तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. या दूरध्वनीवर औषध मिळत नाही, फक्त समुपदेशन मिळते. औषधांच्या यादीची गती याहून संथ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत निकोटिनची उत्पादने २००९ मध्ये आली, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लीन २०२१ मध्ये. भारताच्या राष्ट्रीय यादीत निकोटिनची उत्पादने २०२२ मध्ये समाविष्ट झाली. आणि २०२३ च्या त्या कॉक्रेन क्रमवारीत व्हॅरेनिक्लीनच्या बरोबरीने सर्वांत वर असलेली निकोटिनयुक्त ई-सिगारेट कर्नाटकात २०१६ पासून आणि देशभर २०१९ पासून बंदीखाली आहे. तेव्हा २७व्या मेन रोडवरच्या त्या काउंटरवर जे पुढे येते, त्याचा क्रम चाचण्यांच्या निकालांइतकाच कायदा, चिठ्ठीचा नियम आणि किंमत यांनी ठरवलेला असतो.